गरम होईपर्यंत

शिंप्याच्या गाडीला गल्लीत कुणी गाडी म्हणत नसे. टकटक आली, टकटक गेली, एवढंच. आणि गाडीचं नाव मालकाला चिकटायला कितीसा वेळ लागतो? शिंपी टकटकराव झाला तो झालाच.

गाडी एके काळी वाऱ्याशी पैजा मारणारी. शिंप्याच्या हाती लागली ती तिसऱ्या मालकाकडून, पृथ्वीला कितीतरी वेढे पडतील एवढी पळून, दमून भागून. अंगावरचा लाल रंग अजून मिरवण्यासारखा. इंजिनाच्या पोटात मात्र टकटक, टकटक, आत कुणी कोंडलंय आणि दार वाजवतंय असं वाटावं.

शिंप्याचा जीव गाडीत. बायकोचा जीव तिच्या ताईत, आणि ताई राहायची लांब, डोंगरांच्या पल्याड. "एकदा जाऊन येऊ या ना," असं बायको दर सुट्टीत म्हणे आणि दर सुट्टीत तो हळहळे, "अगं, मी का नको म्हणतोय? इंजिन एवढी मजल मारायचं नाही गं." खरं सांगायचं तर इंजिन आनंदाने गेलं असतं. अडून बसला होता तो स्वतः. ताईचा नवरा, म्हणजे त्याचा साडू, चारचौघांत गाठून विचारायचा, "काय साडूभाऊ, गाडीत शिलाई मशीन बसवलंय का हो?" चौघंही हसायची. चौघांत ताईसुद्धा असायची, हे जास्त लागायचं.

एका दुपारी टकटकीने शेजारणीचं नुकताच डोळा लागलेलं बाळ पुन्हा जागं झालं. त्या संध्याकाळी बायकोने निकाल दिला.

"अहो, एक तर हा आवाज जाईल, नाही तर ही गाडी. भंगारवाल्याशी मी बोलते."

"इंजिन पार नवं करतो. पहिल्या किल्लीला गप्प चालेल, शब्द देतो!"

आयुष्यभर माप घेतल्याशिवाय कात्री न उचललेल्या माणसाने त्या दिवशी मापाशिवायच शब्द कापून दिला.

मग इंजिन उतरलं ते थेट दुकानातल्या कापड बेतायच्या टेबलावर. क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, अस्तराच्या कापडात गुंडाळून तान्ह्या बाळासारखा कपाटात निजवला. टकटकीचं मूळ सापडलं: रॉडची बेअरिंगं चघळलेल्या गोळीसारखी झिजली होती. विजार घालून बघायला आलेल्या गिऱ्हाइकाला बटणांच्या डब्यात वॉल्व्ह सापडायचे. बायको बॅटरीचा उजेड धरून उभी.

"डावीकडे धर."

"तुमचं डावं की माझं?"

"इंजिनाचं डावं!"

"आता त्यालाही डावं-उजवं असतं का?"

जुनं होतं तसं बसवून भागलं असतं. पण प्रेमाला भागवणं कुठे ठाऊक असतं? त्याने मागवले ठोकून घडवलेले पिस्टन, दणकट रॉड, शर्यतीच्या गाड्यांना घालतात तसे.

"याने जोर दुप्पट होईल," तो डोळे चमकवत म्हणाला.

"दुप्पट जोराने तुम्हाला जायचंय कुठे?"

त्याने पिस्टन फडक्याने पुसायला घेतला.

सिलिंडरचं बोअरिंग, म्हणजे आतून कातकाम, करणारे मास्तर गावाच्या टोकाला, लेथच्या घरघरीत बसायचे. त्यांनी नवा पिस्टन सिलिंडरजवळ धरून किती जागा सोडणार ते सांगितलं, तसा शिंपी दचकला.

"मास्तर, एवढं सैल? हलेल हो!"

"हलायलाच हवा. घडीव माल तापला की जास्त फुगतो. थंड असताना थोडा वाजेल, गरम झाला की गप्प."

शिंप्याला बायकोला दिलेला शब्द आठवला. "वाजून चालायचं नाही. घट्ट बसवा. जुन्याच मापाने."

"बसवतो की. गप्प चालेल. पहिल्या चढापर्यंत. मग कायमचं गप्प." मास्तरांनी चष्मा कपाळावर सारला. "तुम्ही विजारीच्या शिवणीत माया सोडता ती कशाला?"

"गिऱ्हाईक जेवतं म्हणून."

"मग याला काय उपाशी ठेवणार आहात?"

शिंपी ओशाळला. जन्मभर लोकांच्या पोटांना जागा करून दिली आणि लाडक्या गाडीलाच श्वास कोंडेल असं शिवायला निघाला होता. मास्तर म्हणाले तेवढी जागा सोडून काम झालं. मात्र घरी परतताना त्याला कळून चुकलं, की पहिल्या किल्लीला टकटक होणार आणि गाडी भंगारात जाणार. शब्द त्याचाच होता.

इंजिन पुन्हा गाडीत बसलं. "रविवारी न्याहारी झाली की सुरू करू. किल्ली तूच फिरव," त्याने बायकोला सांगितलं. आणि रविवारी उजाडताच अनवाणी बाहेर पडला. बेत सोपा होता: गाडी ढकलत गल्लीबाहेर न्यायची, गोदामाच्या भिंतीआड सुरू करायची, तापून गप्प झाली की साळसूदपणे दारात आणून लावायची.

गाडीचं दार उघडं, एक हात स्टिअरिंगवर, खांदा चौकटीला. गल्लीतल्या नळापाशी रस्ता जरा चढतो. तिथे गाडी अडली. शिंपी लाल, गाडी लाल, दोघंही जागच्या जागी. आणि एकाएकी ती फुलासारखी हलकी झाली. "नवी बेअरिंगं!" तो गहिवरला. न्यूट्रलमध्ये ढकललेल्या गाडीला इंजिनाच्या बेअरिंगांचं काय सोयरसुतक, हे त्याला त्या घडीला कुणी सांगावं?

गोदामाशी पोचून त्याने मागे पाहिलं. विस्कटल्या केसांची बायको, पायांत त्याच्याच चपला, दोन्ही हात डिकीवर.

"अजून किती ढकलायचीय?" तिने धापा टाकत विचारलं. "की करता इथेच सुरू?"

त्याने मुकाट्याने किल्ली फिरवली. टकटक, टकटक, टकटक.

"अगं, हा तो आवाज नव्हे, हा..."

"गप्प बसा. ऐकू द्या."

ती शेजारच्या सीटवर येऊन बसली. तापमानाचा काटा हळूहळू वर सरकू लागला. टकटकीची टिकटिक झाली, टिकटिकीची कुजबुज, आणि मग नुसता गुंजारव राहिला, भुंगा फुलात शिरावा तसा.

"जुना आवाज जाताना, गाडी थंड असताना, बारीक असायचा नि येताना, तापल्यावर, मोठा," ती म्हणाली. "नळापासून ऐकू यायचा. त्यावरच मी चहाचं आधण ठेवायची. हा उलटा आहे. हा तापला की जातो."

"मग राहू दे ना गं गाडी?"

"पहिल्या किल्लीला गप्प, हा शब्द कुणी दिला होता? वर चोरून ढकलत होतात."

त्याने मान खाली घातली. तिने काट्याकडे नजर टाकली. मग सहज विचारावं तसं विचारलं, "नवं इंजिन सुरुवातीला कसं चालवायचं असतं?"

इंजिनाचं कुणी विचारलं की शिंपी दुःख विसरायचा. "बेताने! पळवायचं नाही. लांबचा रस्ता हवा. चढउतार असले तर फारच छान, पिस्टनच्या रिंगा नीट बसतात."

"डोंगर चालतील?"

"डोंगर म्हणजे तर..." आणि तो थांबला.

"भंगारवाला की डोंगर?" बायकोने विचारलं. "माझ्या ताईच्या वाटेवर आहेत पुष्कळ."

पुढच्या सुट्टीत निघाले. दुप्पट जोराच्या त्या गाडीला आधी भाजीचा टेम्पो मागे टाकून गेला, मग एक ट्रॅक्टर. ट्रॅक्टरवाल्याने दया येऊन हातही हलवला. शिंपी दात आवळून बेताने चालवत होता. बायको खिडकीवर कोपर टेकून आपल्याशीच काही गुणगुणत होती, आणि गप्प इंजिनामुळे ते त्याला पहिल्यांदाच ऐकू येत होतं. आवाज बरा होता तिचा.

घाट लागला, हवा गार झाली, तसा तो चपापला.

"तिकडे पहाटे थंडी असते का गं?"

"मरणाची. ताई म्हणते, दात वाजतात."

"म्हणजे निघायच्या दिवशी थंड इंजिन... साडूच्या अंगणात... सगळ्यांसमोर..."

बायकोने खिडकीची काच वर केली. एक वळण गेलं, दुसरं गेलं.

"स्टिअरिंग तुम्ही धरा," ती म्हणाली. "फाटकाबाहेर जाईपर्यंत मी ढकलते मागून."