वडाखालची शिकवणी

लेकीशी घरच्या इलोंगो बोलीत एक शब्द बोलायचा नाही, हे एर्लिंडाने ती पोटात असतानाच ठरवलं होतं. ती स्वतः लॅपटॉपवरून कोरियातल्या मुलांना इंग्रजी शिकवून घर चालवायची. सहा वर्षांची जेनिवा तर आजीशीही इंग्रजीतच भांडायची.

"नातीला भात वाढू का विचारायचं तर मला दुभाषी लागतो," सासूबाई, नानाय पासिंग, कुरकुरायच्या. मग आवाज खाली आणून म्हणायच्या, "एक मात्र बरंय. परसातल्या वडातली माणसं पोरांना हाक मारून नेतात. हिला त्यांची हाक कळायचीच नाही."

"नानाय, पुरे हं," एर्लिंडा हसून म्हणायची.

एके दिवशी तिने जेनिवाची निबंधाची वही तपासायला घेतली. लेकीच्या प्रत्येक ओळीखाली तीच ओळ दुसऱ्या अक्षरात होती. लांबट, खाली ओघळलेलं अक्षर. पहिल्या पानावर नुसत्या रेघोट्या. दहाव्या पानावर एकही चूक नाही.

"हे कोणी लिहिलं?"

"माझ्या विद्यार्थिनीने. झाडाखाली बसते ती. इतकी ढ होती ना मम्मी! मीच शिकवलं तिला."

"कुणाची मुलगी?"

"नाव नाहीये तिला. केस ओले असतात नेहमी."

शेवटच्या पानावर लेकीची ओळच नव्हती. एकटी दुसऱ्या अक्षरातली होती: 'जेनिवा, कम टु मी.'

एर्लिंडाने ती सासूबाईंना वाचून, अर्थ सांगून दाखवली. तांदूळ निवडणारा त्यांचा हात थांबला.

"म्हणजे हाक मारता यायला लागली."

"मी वही जाळते."

"वही जाळशील गं. शिकलेलं कसं जाळशील?"

एर्लिंडा नऊ वर्षं शिकवत होती. शिक्षकाच्या लाल पेनापुढे विद्यार्थी स्वतःच्या डोळ्यांवरही विश्वास ठेवत नाही, हे तिने रोज पाहिलं होतं. तिने ती ओळ खोडली. खाली वळणदार अक्षरात लिहिलं, 'चूक. बोलावताना म्हणायचं: गो होम. दहा वेळा लिहा.' आणि वही वडाच्या मुळांत ठेवून आली.

दुसऱ्या दुपारी तास घेता घेता तिने मागे पाहिलं. जेनिवाची खुर्ची रिकामी. ती परसात धावली. लेक वडापासून चार पावलांवर होती.

"जेनिवा, गो होम," पारंब्यांतून आवाज आला. आवाज एर्लिंडाचाच होता, तासातला, एकेक अक्षर सुटं करणारा.

जेनिवा थबकली. गाल फुगवून मागे वळली.

"गो होम! गो होम!" आवाज काकुळतीला आला होता. लेक जसजशी दूर येत होती, तसतसा तो रडवेला होत होता.

सकाळी वही दारात होती. दहा ओळी नीटनेटक्या. खाली अकरावी, न सांगता लिहिलेली: 'टीचर, मी बोलावलं. ती गेली. का?'

आत जेनिवा दूध पीत होती. एर्लिंडा उंबऱ्यावरच बसली, वही मांडीवर घेतली. उत्तर आजच द्यायला हवं होतं, आणि ते पटण्यासारखं चुकीचं हवं होतं.