तिजानीच्या मागाला मी जुळलो नाही

मित्रांनो, क्सार हलाल गावात फर्जानीचे दुरुस्तीचे दुकान आहे. त्या दुकानातल्या सगळ्यांत खालच्या फळीवर पडून असलेला जुना संगणक म्हणजे मी. चालू केलेत तर मी अजून उठतो. पडद्यावर माझी स्मृती मोजू लागतो आणि अर्ध्यावर येऊन थांबतो. उरलेली अर्धी कुठे गेली, ते आज तुम्हाला सांगतो.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. आम्ही पुष्कळ भावंडे. पेटी तीच, कळफलक तोच, कपाळावरचे नावही तेच. फरक होता तो पोटात. आमची स्मृती म्हणजे काळ्या चिपांच्या रांगा. प्रत्येक चिपच्या पाठीवर एक आकडा छापलेला असतो. विचारलेली गोष्ट आठवून द्यायला तिला किती वेळ लागतो, ते तो आकडा सांगतो. आकडा जितका लहान तितकी चिप चपळ. आधी निघालेल्या थोरल्या भावांच्या चिपांवर दीडशे होते, मधल्यांच्या चिपांवर एकशे वीस आणि माझ्या चिपांवर ऐंशी. थोरल्यांना दर वेळी स्मृतीचे उत्तर येईपर्यंत थबकावे लागे. मला थबकावे लागत नसे.

जहाजातून आम्ही ट्युनिसच्या बंदरात उतरलो आणि सूस शहरातल्या तंत्रविद्यालयात गेलो. तिथले दिवस सुखाचे होते. मास्तर आम्हाला शेजारी शेजारी मांडून एकच गणित सगळ्यांना घालत. माझे उत्तर आधी येई. "हा घोडा, बाकीची खेचरं," असे ते म्हणत आणि मुले माझ्यासमोरच्या खुर्चीसाठी भांडत. मग नवे संगणक आले. मला आणि एका मधल्या भावाला जिन्याखाली ढकलण्यात आले. तिथे आम्ही कित्येक वर्षे धूळ खाल्ली. विद्यालयाने भंगार काढले तेव्हा फर्जानीने आम्हा दोघांना उचलून आणले.

आता सालहाबद्दल सांगायला हवे. ती याच गावची विणकरीण. लोक आदराने तिला लल्ला सालहा म्हणतात, जसे फर्जानीला सी फर्जानी. तिचा नवरा तिजानी तंत्रशाळेत शिकवायचा. त्याने घरच्या रेशमाच्या मागाला माझा एक थोरला भाऊ जोडला होता. नक्षीसाठी लागणाऱ्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या त्याने चुलीत घातल्या आणि सगळी नक्षी संगणकाच्या हवाली केली. उभे धागे वर खेचणारा कोणता हूक कधी उचलायचा, किती वेळ धरायचा, ते सांगणारा प्रोग्रॅम त्याने स्वतः लिहिला. त्या मागावर नवरीचे लाल वस्त्र विणले जाई. त्यावर शुभशकुनाचे सोनेरी मासे असत. पंचक्रोशीतल्या मुली ते माशांचे वस्त्र अंगावर घेऊन बोहल्यावर चढल्या. एके दिवशी तिजानी शाळेतच कोसळला आणि गेला. माग मात्र चालत राहिला.

एका वसंतात सालहा फर्जानीच्या दुकानात आली. तिचा श्वास वर आला होता.

"सी फर्जानी, तिजानीचा संगणक नुसता शिट्ट्या मारतोय. पडदा काळाच."

"घेऊन ये, उघडून बघतो."

"उघडायचा नाही! आजवर कुणाला हात लावू दिला नाही मी. त्याच्या हातचं जोडकाम आहे आत. तू मला तसाच दुसरा दे."

"लल्ला सालहा, अगं दुखणं काय ते बघितल्याशिवाय..."

"उन्हाळ्यात माझ्या इन्साफचं लग्न आहे. तिच्या बापाचे मासे तिच्या अंगावर पडायला नकोत का?"

 दुसऱ्या सकाळी फर्जानीने आम्हा दोघांना हातगाडीवर घातले.

सालहाच्या मागघरात थोरला भाऊ एका कोपऱ्यात मुका बसला होता. त्याच्यावर कशिदा काढलेला रुमाल होता, आणि रुमालावर धुळीचा कणही नव्हता. सालहाची मुलगी इन्साफ मोनास्तीरच्या कपड्याच्या कारखान्यात शिवणकाम करायची. तिने आम्हाला पाहिले आणि कपाळावर हात मारला.

"उम्मी, एक म्हातारा आजारी पडला म्हणून दोन म्हातारे आणलेस?"

"तू गप्प बस. नवरीने जास्त बोलू नये."

"नवरीला बाजारात तयार वस्त्र मिळतं. भाड्यानेसुद्धा मिळतं."

"भाड्याने नवराही मिळतो का बघ," सालहा म्हणाली, आणि दोघी हसल्या. मित्रांनो, त्या घरात मी ऐकलेले ते शेवटचे हसू.

फर्जानीने आमची परीक्षा घेतली. स्मृतीचा वेग मोजणारी फ्लॉपी त्याने आधी मधल्या भावात घातली, मग माझ्यात. मी मधल्यापेक्षा पुष्कळ पुढे निघालो. सालहाने माझ्या डोक्यावर हात ठेवला. "हाच घे. हा पळतोय बघ कसा." कित्येक वर्षांनी कुणी माझे कौतुक केले होते.

तिजानीची फ्लॉपी माझ्यात घातली. तारा जोडल्या. माग सुरू झाला. सालहाने धोटा फेकला, पुन्हा फेकला, आणि थांबून कापडाकडे पाहू लागली. कापडावर मासा नव्हता. नुसते सोनेरी ठिपके विखुरले होते.

झाले होते ते असे. तिजानीकडे वेळ मोजायला वेगळे घड्याळ नव्हते. हूक वर धरायचा असेल तेवढा वेळ तो संगणकाला उगाच आकडे मोजायला लावी. थोरला भाऊ थबकत थबकत मोजे, तोवर हूक नीट उचलला जाई. मी तेच आकडे झटकन मोजून मोकळा होत होतो. हूक उठायच्या आत मी त्याला सोडून देत होतो. माझ्या अंगावर वेग उतरवायचे एक बटण होते. फर्जानीने ते दाबून पाहिले. तेव्हा मी इतका मंदावलो की हूक वरच अडकून राहिले आणि रेशीम तटातट तुटले. मधल्या भावाने मासा विणला, पण त्याला शेपूट नव्हते.

"प्रोग्रॅम बदल ना मग," सालहा म्हणाली.

"कसा बदलू? यंत्राला कळेल एवढंच यात उरलंय. माणसाला वाचता येईल असं तिजानीने काही ठेवलं आहे का?"

"त्याच्या डोक्यात होतं सगळं."

"तू कधी विचारलं नाहीस?"

"तो होता ना. कशाला विचारायचं?"

लग्न जवळ येत चालले. फर्जानी रोज येई, काही ना काही करून पाही आणि मान हलवत परत जाई. शेवटी एका दुपारी सालहाने स्वतःच थोरल्या भावावरचा रुमाल काढला. "उघड," एवढेच म्हणाली आणि तोंड फिरवून उभी राहिली.

फर्जानीने झाकण काढले. त्याच्या दोन रांगांतल्या चिपा मेल्या होत्या. त्याने माझे पोट उघडले आणि माझ्या दोन रांगा उपसून त्याच्यात बसवल्या. थोरल्याच्या पोटात जाऊन त्या त्याच्याच चालीने चालू लागल्या. त्यांचा ऐंशीचा आकडा तिथे कुणी विचारला नाही.

माग चालला. मासा उमटला, शेपटासकट. सालहा तिथेच जमिनीवर बसली आणि तोंडावर ओढणी घेऊन रडली. इन्साफ कामावरून आली, तिने कापडावर बोट फिरवले. "बाबांचाच आहे," ती म्हणाली.

फर्जानी मात्र हसला नाही. आत त्याला आणखी काही दिसले होते. थोरल्या भावाच्या पोटात एक छोटी बॅटरी होती. ती कधीची फुटून पाझरत होती. तिच्या खाऱ्या रसाने भोवतीचे तांबे हिरवे करून टाकले होते. त्याने ते पुसले, घासले, जिथे जमले तिथे नवी तार जोडली. "देवाच्या मनात असेल तोवर चालेल," तो म्हणाला.

वस्त्र अर्धे झाले आणि माग थांबला. या वेळी शिट्टीही वाजली नाही. फर्जानीने थोरल्याला उन्हात नेऊन भिंग लावून पाहिले. बराच वेळ तो वाकलेलाच होता.

"तांबं आतल्या आत खाल्लं गेलंय. आता नवी तार पकडायला काही राहिलं नाही."

"आधी उघडलं असतं तर?" सालहाने विचारले.

फर्जानी खोटे बोलू शकला असता. "बॅटरी काढून टाकायची होती फक्त," तो हळूच म्हणाला. "नखाएवढं काम होतं."

सालहाने कात्री घेतली आणि अर्धे वस्त्र मागावरून कापून काढले. इन्साफचे लग्न भाड्याच्या वस्त्रात झाले. ती नवऱ्याबरोबर सफाक्सला गेली. हिवाळ्यात माग तोडून लोखंडाच्या भावाने विकला गेला. मागघरात आता प्लॅस्टिकच्या बादल्यांचा साठा असतो. मधल्या भावाचे सुटे भाग झाले. मला फर्जानीने परत आणले. टाकून देणे त्याच्या जिवावर आले, एवढेच. मला घेऊन जाईल असे कुणी नाही, हे त्यालाही ठाऊक आहे आणि मलाही.

मित्रांनो, सालहाने त्या संगणकाला काही कमी केले नव्हते. रोज पुसला, सावलीत ठेवला, कुणाचा हात लागू दिला नाही. तुमच्याही घरात असे काही जपून ठेवलेले असेल. ते एकदा उघडून बघा. त्याच्या आत कुठे पाझरते आहे ते बघा. आणि ते ज्याने घडवले तो माणूस अजून घरात असेल, तर आज जेवताना त्याच्याजवळ बसा आणि विचारा, हे तू कसे केलेस?

काल सालहा दुकानावरून गेली. फर्जानीने तिला हाक मारली, चहा घेऊन जा म्हणाला. ती आत आली नाही.