पायऱ्यांपाशी थांबलेला

धाकट्याला घरात सगळे काड्या म्हणत. उंच, किडकिडीत, आणि बस म्हटलं तरी एका पायावर भार टाकून उभाच. नाटकांतून छोटी-मोठी कामं करायचा. त्याची थोरली बहीण व्हिडिओ गेम बनवणाऱ्या कंपनीत गोष्टी लिहायची. तिच्या नव्या गेमसाठी अंगावर पांढरे ठिपके चिकटवून कॅमेऱ्यांपुढे चालणारा, पळणारा, पडणारा माणूस हवा होता. त्याच्या हालचाली पडद्यावरच्या नायकाच्या होणार होत्या. तिनं भावालाच बोलावलं.

"आणि माझे संवाद?" त्यानं पहिल्याच दिवशी विचारलं.

"एकही नाही."

"वा गं ताई! नायक मी, आणि बडबड गोष्टीतल्या त्या नावाड्यानं करायची?"

"तू बोललास की खेळणाऱ्याला वाटणार, हा कुणी दुसराच आहे. गप्प राहिलास तर तो तुझ्या आत शिरेल."

"म्हणजे मी भाड्यानं द्यायची खोली." तो खो खो हसला. "निदान श्वास तरी घेऊ दे."

श्वास मात्र त्याचेच रेकॉर्ड करून घेतले. धावून आल्यावरचा, पाण्यातून वर आल्यावरचा, नुसता उभा असतानाचा.

ते काम संपलं आणि थोड्याच दिवसांत एका ट्रकनं त्याच्या मोटारसायकलला उडवलं. तो जागीच गेला.

गेम काही थांबणार नव्हता. थोरली कामावर परतली तेव्हा गेम तपासणाऱ्या मुलीनं तिला हाक मारली. "एक गडबड आहे बघा. बटणं सोडून दिली की हा मागे वळून बघतो. गोष्टीत असं काही नाही ना?"

पडद्यावर ओस पडलेल्या गावातली गल्ली होती. नायक एका पायावर भार टाकून उभा होता. त्यानं मानेवरून हात फिरवला आणि मागे पाहिलं. थोरलीला लख्ख आठवलं. दोन शॉटच्या मधे, काचेपलीकडे ती उभी असायची तिकडे तो असाच बघायचा, जमलं का विचारायला. कुणीतरी तो उरलासुरला तुकडा उचलून इथे जोडला होता.

"काढायचा का?"

"राहू दे," थोरली म्हणाली आणि तोंड धुवायला गेली.

आईनं हट्टच धरला. "मला तो चालताना बघायचाय." सुट्टीच्या दिवशी सकाळी थोरली तिला ऑफिसात घेऊन आली आणि तिच्या हातात कंट्रोलर दिला. आईनं त्याला सरळ भिंतीवर नेऊन आपटलं. "अगंबाई! लागलं का रे?"

हळूहळू तिचा हात बसला. गल्ल्या, ओट्या, ओस घरं पार करत तो घंटाघरापाशी पोचला. तिथून पायऱ्या थेट पाण्यात उतरत होत्या. नावाडी म्हणाला, "धरण फुटायला आलंय. घंटेचा दोर पाण्याखाली आहे. खाली गेलास तर वर येणं नाही. पण घंटा वाजली नाही, तर खोऱ्यातलं कुणी वाचायचं नाही."

आईनं कंट्रोलर मांडीवर ठेवला. "आता काय?"

"आता त्याला खाली न्यायचं."

"आणि नाही नेलं तर?"

"उभा राहील तिथेच."

"धरण फुटेल?"

"नाही. तो हलल्याशिवाय इथे काहीच होत नाही, आई. मीच तसं लिहिलंय."

"मग बरं लिहिलंयस," आई म्हणाली आणि हाताची घडी घालून बसली.

स्पीकरमधून श्वास येत राहिला. काही वेळानं त्यानं मानेवरून हात फिरवला आणि मागे वळून पाहिलं.

"आहे रे," आई म्हणाली. "इथेच आहे मी."



गेम बाजारात आला तशी एक प्रत घरीही आली. आई रोज दुपारी त्याला फिरवून आणायची. पायऱ्यांची वाट मात्र टाळायची. तो पावसात भिजला की टेबलफॅनचं तोंड टीव्हीकडे करायची. थोरली स्वयंपाकघरात असली की पाठीमागून तो श्वास ऐकू यायचा, आणि हातातलं काम तिथेच राहायचं. ती घरी यायची टाळू लागली. एकदा मात्र न राहवून बोलली, "आई, हा तो नाहीये."

"ठाऊक आहे. वेड नाही लागलं मला." आईनं पडद्यावरची नजर काढली नाही. "पण मी उठले की तो उभाच राहतो गं. भाजी चिरताना मनात येतं, उभा असेल. अंथरुणाला पाठ टेकली तरी तेच. दुसरं कुणी हलवणारच नाही त्याला. मी जीव मुठीत धरून बसलेय म्हणून त्यानं असं ताटकळायचं?"



पुढच्या खेपेला थोरली आली तेव्हा टीव्हीच्या काळ्या पडद्यावरून नावं वर सरकत होती. त्यांत त्याचंही होतं. आई दोन्ही हात मांडीत घेऊन बसली होती.

"नेलंस?"

"नेलं. दोर फार जड होता. बटण दाबून दाबून अंगठा सुजलाय बघ." मग म्हणाली, "माणसं वाचली. डोंगरावर चढणारे कंदील दिसले मला."

थोरलीनं तिचा अंगठा हातात घेतला. नावं संपली, पडदा उजळला, आणि गावाच्या वेशीवर तो कोरड्या कपड्यांत पुन्हा उभा.

आई दचकली. "हा कुठून आला?"

"संपला की पहिल्यापासून सुरू होतो."

"मग त्याला आठवतं का, काय झालं ते?"

"नाही."

आई उठली आणि तिनं टीव्हीचं बटणच बंद केलं. "मी दोनदा नाही नेणार."

ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. समोरच्या इमारतीत बऱ्याच घरांचे टीव्ही चालू होते.

"बाकीच्या घरांत नेत असतील ना त्याला?"

"हो. रोज."

"तुमच्या कंपनीतून काही कळवता येतं का त्या लोकांना?"

"काय कळवायचं, आई?"

"पाणी गार असेल म्हणावं. हळू न्या."