मधल्याचं हसू

देव एकच आहे आणि तो तीन म्हाताऱ्यांसारखा दिसतो, हे आमच्या गावात शेळ्यांनासुद्धा ठाऊक आहे. तिघांची दाढी पांढरी, तिघांच्या डाव्या हातात पृथ्वीचा गोळा, तिघांचा उजवा हात आशीर्वादाला वर. पिता कोण, पुत्र कोण, पवित्र आत्मा कोण, हे चित्र बघून सांगता आलं तर चित्रकार नापास. माझा नवरा मेर्शा आयुष्यभर यात पास होत आला आणि नेमका आमच्याच देवळात, शेवटच्या भिंतीवर घसरला. गाव दोष मला देतं. मी काही तो घेत नाही.

आमचं देऊळ सेलासेचं, म्हणजे त्रैक्याचं. बाहेरून गोल, आत चौकोनी गाभारा, आणि गाभाऱ्याच्या भिंतींवर सगळी चित्रं मेर्शाच्या हातची. दाराच्या वरची तेवढी जागा राहिली होती. तिथे खुद्द देव बसायचा होता. मेर्शाने ती मुद्दाम म्हातारपणासाठी राखून ठेवलेली, हात पुरता तयार झाल्याशिवाय तिकडे फिरकायचं नाही म्हणून.

त्याची कामाची रीत अशी की बघणाऱ्याला वेड लागावं. तिघांची नाकं एका दिवशी. तिघांचे डोळे एका दिवशी. रंग एकाच वाटीत, एकदाच कालवायचा. एक चेहरा पुरा करून दुसऱ्याला हात घालायचा नाही, कारण मग एक आधीचा होतो आणि दुसरा नंतरचा, आणि देवात आधी-नंतर काही नसतं. हे त्याला त्याच्या गुरूने छडीने शिकवलं होतं. घरी भाकरी आधी की भाजी आधी यावरून मात्र तो माझ्याशी तासभर भांडू शकतो.

शेवटी ओठ राहिले. डावीकडच्याचे झाले, उजवीकडच्याचे झाले, आणि मधल्याचे चालू असताना माझी नजर कोपऱ्यातल्या सिंहावर गेली. देवाच्या सिंहासनाला चार जीव धरून असतात, त्यातला तो एक. मेर्शाने जन्मात सिंह पाहिलेला नाही.

"अहो," मी शिडी धरून खालून म्हटलं, "हा सिंह आपल्याकडे येऊन दूध पिऊन जातो तोच ना? शेजारच्यांचा बोका?"

मेर्शा हसला. पोट हललं, शिडी हलली, कुंचला हलला.

संध्याकाळी देब्तेरा वुबशेत आले. देब्तेरा म्हणजे देवळातले पंडित; यांना सगळं शास्त्र तोंडपाठ, सणाला ढोलाबरोबर रात्रभर उभे राहून गातात, आणि तापावर ताईतही लिहून देतात, गुपचूप. त्यांनी मान वर केली आणि ती वरच राहिली.

"मेर्शा, मधला हसतोय."

"छे हो. उजेड तसा पडलाय."

"उजेड काय त्याच्या एकट्यावरच पडला? हे दोघं बघ, गंभीर. हा हसतोय! म्हणजे एकाला आनंद झाला आणि दुसऱ्याला पत्ताच नाही? तिसरा काय रुसलाय? अरे, तिघांची इच्छा एक, तिघांचा आनंद एक, तिघांचं देवपण एक! हे चित्र नव्हे, पाखंड आहे!"

"पण हसण्यात वाईट काय आहे?" मी विचारलं.

"बाई, तू शिडी धर."

दुसऱ्या दिवशी देवळाच्या समितीचे प्रमुख दाग्नाचू हजर. त्यांच्या पुतण्याचं बाहिर दार शहरात फ्लेक्सचं दुकान आहे, आणि त्यांना प्रत्येक अडचणीवर फ्लेक्सच सुचतो. त्यांनी मोबाईल पुढे केला. "हे बघा. एक चेहरा घ्यायचा, कॉम्प्युटरवर तीनदा चिकटवायचा. केसाचा फरक नाही. सण तोंडावर आलाय, उगाच वाद कशाला?"

मेर्शा शिडीवरून उतरलाच नाही. वरूनच म्हणाला, "एकच चेहरा तीनदा चिकटवला, तर तिघं कुठे आहेत त्यात? एकच जण आणि दोन आरसे."

देब्तेरांचा चेहरा पडला. "खरंय. तेही पाखंडच. पिता तो पिता, पुत्र तो पुत्र, आत्मा तो आत्मा. एकच देव तीन सोंगं घेऊन येत नाही."

"असेल," दाग्नाचू म्हणाले. "पण याला पाणी लागलं तरी रंग जात नाही."

ठरलं ते असं: सणाच्या आदल्या संध्याकाळपर्यंत तिघं सारखे झाले तर ठीक, नाहीतर मेर्शाच्या चित्रावर फ्लेक्स. दाग्नाचू जाताना भिंतीचं मापही घेऊन गेले.

"पुसून टाका ना ते हसू," घरी आल्यावर मी म्हटलं. "ओठांचे दोन कोपरे. कितीसं काम आहे?"

"यशी, इतकी वर्षं मी देवाला कपाळावर आठ्या घालून बसवला. गावोगावी बसवला. आत्ता कुठे एकदा हसलाय. मी त्याचं तोंड दाबू?"

म्हणजे बाकीच्या दोघांना हसवणं आलं. मेर्शाने फळ्यांवर हात चालवून बघितला. एक हसू दाढ दुखल्यासारखं झालं. दुसरं बैलबाजारातल्या दलालाचं. हसू आठवून काढता येत नाही म्हणाला, ते हातात यावं लागतं. मग मी कंबर कसली. डोक्यावर टोपली घालून नाचले. पाद्रीबाबांच्या गाढवाची गोष्ट सांगितली, जी मला त्यानेच सांगितली होती. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी मयताच्या घरी नाचतेय.

त्याचं जेवण सुटलं. इंजेराची, आमच्या आंबट भाकरीची, घडी तशीच ताटात राहायला लागली. मला भीती वाटायला लागली, खरंच सांगते. आम्हाला मूलबाळ नाही. त्यावरून कुणी हळहळलं की मेर्शा म्हणायचा, "मला काही कमी नाही." मोठ्या रुबाबात म्हणायचा. मी चुलीपाशी ऐकायचे आणि वाटायचं, याला रंगाची वाटी आणि भिंत मिळाली की झालं, मी असले काय, नसले काय. आता ती भिंतच जाणार होती, आणि माझ्याजवळ त्याला द्यायला दुसरं काही नव्हतं.

सणाच्या आदल्या दिवशी देब्तेरा स्वतः देखरेखीला आले. काठीवर हनुवटी टेकवून खाली बसले. मेर्शा वर, कुंचला कोरडा. मी शिडी धरून. दुपार झाली, उन्हं कलायला लागली, कुणी बोलेना. मला गप्प बसवत नाही.

"देब्तेरा, जग व्हायच्या आधी देव काय करत होता?"

"आधी असं काही नव्हतंच. काळसुद्धा त्यानेच केला."

"बरं. पण एकटा कंटाळला नाही?"

"एकटा कुठे? तिघं होते ना! तिघांचं एकमेकांवर प्रेम, अनादी, अनंत, काठोकाठ. कशाचीही उणीव नाही."

मी वर बघितलं. "म्हणजे तीन म्हातारे. एकाच बाकावर. कायमचे. कॉफी करायला कुणी बाई नाही. आणि भांडण नाही?"

"नाही."

"एकदाही नाही?"

"नाही!"

"मग गूढ गूढ म्हणता ते हेच. बाकीचं मला समजलं."

देब्तेरांनी मला झापायला तोंड उघडलं, आणि त्यातून हसूच बाहेर पडलं. दाढी थरथरली, काठी खाली पडली, ते डोळे पुसत जमिनीवर हात आपटायला लागले. वर मेर्शाही खदखदत होता. "शिडी धर, शिडी धर!" तो ओरडला, आणि कुंचला चालला. उजवीकडचा हसला.

एक राहिला. उजेड थोडा राहिला. आणि आमचं हसू संपलं. पण आता माझ्या डोक्यात वेगळंच घोळायला लागलं होतं.

"देब्तेरा, ही थट्टा नाही. काहीच कमी नव्हतं, तर त्याने जग केलं कशाला? आपल्याला आणलं कशाला?"

देब्तेरा घसा खाकरत होते, तेवढ्यात मेर्शा वरून म्हणाला, "कमी होतं म्हणून नाही केलं, यशी. जास्त होतं म्हणून केलं. भांडं भरलं की उतू जातं, तसं."

"शास्त्र हेच म्हणतं," देब्तेरा म्हणाले. आपलं वाक्य पळवलं गेल्याचं त्यांना जरा वाईट वाटलेलं दिसलं.

माझं डोकं फिरलं. कुठून आलं कोण जाणे, इतक्या वर्षांचं एकदम तोंडात आलं. "तुम्हीही गावभर सांगत फिरता, मला काही कमी नाही, मला काही कमी नाही. मग मला कशाला आणलंत? सांगा ना आता!"

देब्तेरा छताकडे बघायला लागले.

"तेच तर सांगतोय," मेर्शा म्हणाला.

मला कळायला जरा वेळ लागला. कळलं तेव्हा आधी डोळ्यांना पाणी आलं आणि मग मी हसले. शिडी गच्च धरून, पुढचे दात नसलेलं तोंड उघडं टाकून, वेड्यासारखी हसले.

"हलू नकोस," मेर्शा ओरडला. "तशीच हस. तशीच!" तो खाली माझ्याकडे बघत होता आणि त्याचा हात वर भिंतीवर चालला होता.

देब्तेरांनी दिवा मागवला. एकेका चेहऱ्यासमोर धरला, परत मागे आले, परत धरला. शेवटी म्हणाले, "पुसायचं काही नाही. तिघांचं एकच आहे." दाग्नाचूंना फ्लेक्स परत पाठवावा लागला.

डावीकडचं हसू माझं आहे, हे देब्तेरांना अजून कुणी सांगितलेलं नाही. मी सणाच्या गर्दीत बायकांच्या बाजूला उभी राहून बघते. डावीकडचा माझ्याकडे बघून हसत असतो, ते मला ठाऊकच आहे. पण मधल्याकडे पाहिलं तर तोही माझ्याचकडे बघून हसतो. आणि उजवीकडचाही.