तेल लावणार नाही
सक्करदऱ्याला सत्यवतीताईंच्या पार्लरमध्ये तिसरी खुर्ची माझी, वैभवीची. म्हणजे गणपतीपर्यंत होती. मग माझ्या भुवयांतून आणि नाकाच्या बाजूंनी पिवळट पापुद्रे सुटायला लागले, केसांतून खांद्यावर पडायला लागले. एका बाईनं ताईंना हळूच विचारलं, हे लागण्यासारखं तर नाही ना? ताईंनी गोड बोलून मला टॉवेल धुवायला बसवलं. लग्नसराईच्या आत चेहरा नीट झाला तर खुर्ची, नाहीतर टॉवेलच, असंही सांगून टाकलं.

मी पेटले. आई म्हणाली, कातडी कोरडी पडली आहे, तेल लाव. काटोलच्या मावशीनं संत्र्याच्या सालींची पूड पाठवली. चेहऱ्याचं काहीही बिघडलं की आमच्याकडे हीच. ती खोबरेल तेलात कालवून मी रोज खसाखसा घासली. आठवड्यात तोंड लालबुंद झालं आणि आग आग होऊ लागली.

मग मुकाट्यानं त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले. पुडीची हकीकत ऐकून मुग्धा मॅडमनी कपाळाला हात लावला. याला सेबोरिक डर्मटायटिस म्हणतात, हे लागत नाही आणि घाणीनं होत नाही, असं त्यांनी समजावलं. सगळ्यांच्याच त्वचेवर एक बुरशी असते, ती तेलावर पोसते. काहींच्या त्वचेला ती सोसत नाही, एवढंच. म्हणजे मी तिला रोज पंगत वाढत होते. औषधी शाम्पू आठवड्यातून दोनदा, पाच मिनिटं डोक्यावर ठेवून धुवायचा. बुरशीवरचं मलम लावायचं. लाली उतरवायची क्रीम सात दिवस, आठवा दिवस नाही.

"पुन्हा येईल," त्या म्हणाल्या. "आलं की घाबरायचं नाही, पुन्हा सुरू करायचं."

कायमचं जात नाही याचा मला भयंकर राग आला. पण राग मी कामाला लावला. मोबाइलवर पाच मिनिटांचा गजर लावून शाम्पू ठेवायचे, आणि आईनं पुढे केलेली तेलाची वाटी मागे सरकवायचे. महिन्याभरात भुवया स्वच्छ झाल्या आणि खुर्ची परत मिळाली.

पहिल्याच शनिवारी रितिका नावाची नवरी मुलगी आली. लग्न तीन आठवड्यांवर आलेलं, तिला तेलाची चंपी हवी होती. आमच्या पार्लरचं नाव झालेलंच चंपीमुळे. केस बाजूला केले आणि माझा हात थांबला. कानामागे तेच पिवळट पापुद्रे, खाली लाल कातडी.

"मी तेल लावणार नाही," मी म्हणाले.

"काहून वं?" ताईंचा आवाज चढला.

खुर्ची पुन्हा जाणार हे दिसत होतं. तरी मी आरशातून रितिकाकडे बघत म्हणाले, "हे मलेही आहे. लागत नाही, पण तेलानं वाढते. याच्यापायीच मी टॉवेल धुवून राहिली होती. आधी डॉक्टरले दाखवा."

रितिका उठून निघून गेली. ताईंनी दिवसभर एकही गिऱ्हाईक माझ्याकडे पाठवलं नाही. संध्याकाळी टॉवेलांची बादली मीच उचलली.

तिच्या लग्नाला दोन दिवस उरेपर्यंत मी टॉवेलच धुतले. मग ताईंना रितिकाचा फोन आला: डॉक्टरांनीही तेच सांगितलं, आता नवरीचा मेकअप करायला तिसऱ्या खुर्चीवालीच पाहिजे. लग्नाच्या सकाळी नेमका माझ्या डाव्या भुवईत पापुद्रा दिसला. लपवायचा नाही असं ठरवून मी तो तिला आधीच दाखवला.

तिनं केस मागे सारून कान पुढे केला. "माह्याही इथं आहे थोडा," ती म्हणाली. "तू कर सुरू."