आंदणाचं वावर

आमच्या घरचे, म्हणजे अण्णाजी, शब्दाचे लई पक्के. एकदा शब्द दिला का वापस घेतल्याबिगर राहत नाई.

माह्या एकुलत्या एक लेकीच्या, भागीरथेच्या लग्नात हे भर मांडवात उभे राह्यले अन् घसा खाकरून, छाती फुगवून बोलले, "नदीकाठचं चार एकर वावर माह्या लेकीले आंदण!" वाजंत्रीवाल्यानं डफडं बडवलं, व्याह्यानं मिठी मारली, जावई चंद्रभान पायावर पडला. अंगावरची हळद उतरली नाई तं हे म्हणतात, "आंदणात माणूस गाय देते, भांडी देते. वावर कोणी देते का? ते मी मांडवाची शोभा म्हणून बोललो." घ्या! बोलाचीच कढी अन् बोलाचाच भात. जावयाच्या हाती पाण्याचा एक पितळी गुंड दिला अन् वऱ्हाड वाटेले लावलं.

जावयाचं गाव यशोदा नदीच्या पल्याड, आमच्या वावराच्या अगदी समोर. त्यानंही सांगून टाकलं, "वावर देत नाई तवर तुमची लेक माहेरचा उंबरा चढणार नाई." यायनंही मले पल्याड जाले मनाई केली. पह्यलं बाळंतपण माहेरी कराची रीत. माह्या भागीचं सासरी झालं. पोरगा झाला, तो मी काठावरूनच पाह्यला. ती पल्याडून त्याले दोन्ही हातांनी उचलून धराची, "आई, पाह्य वं!" म्हणून आवाज द्याची, अन् मी अल्याडून पदराचा बोळा तोंडात कोंबून रडाची. नातवाचं नाक कोणावर गेलं तेही मले माहीत नव्हतं. एकदा त्याले कडेवर घ्यावं, एवढंच मागत होती मी देवाजवळ.

आता यशोदेचं ऐका. आमच्या वावरापाशी ती विळ्यासारखी वळते. पाणी जोरात येते, आमच्या काठाले धडक मारते, खालून माती खात जाते, अन् मग वरचा काठ धाडकन् खाली येते. पल्याड, वळणाच्या आतल्या अंगाले, पाणी सुस्त. तिथं ते गाळ टाकून पुढं जाते. म्हणजे दरसाल आमचं वावर घटे अन् जावयाच्या धुऱ्याले लागून नवी जमीन तयार होये. त्या गाळात चंद्रभाननं गहू पेरला, हरभरा पेरला. नावच यशोदा बाईचं! दुसऱ्याचं लेकरू पोसाची तिची जुनी सवय हाय.

गावातले लोक काय सोडतात? पारावर बसून म्हणत, "अण्णाजी, तुमचं आंदण नदी हप्त्यानं पोचवून राह्यली, बरं का!" यायचा असा जळफळाट होये, का भाकर गोड लागे नाई. मी म्हटलं, "छप्पन साली मध्यप्रदेशातून उचलून आपल्याले मुंबई राज्यात टाकलं, तवा तुमी काही बोलले नाई. राज्य सरकते, तं नदीनं काऊन सरकू नये?" तं म्हणाले, "तू चूप बस."

मग एका उन्हाळ्यात यायच्या डोक्यात बांध शिरला. बैलबंड्या भरभरून धोंडे आणले, बाभळीचे खुंट ठोकले, अन् वळणाच्या तोंडापाशी नदीत घुसणारी एक दगडी भिंत घातली. नारळ फोडला, गुलाल उधळला.

"पाणी इथून अडवसान, तं ते जाईन कुठं?" मी विचारलं. "समोर भागीचं घर हाय ना."

"पाण्याले अक्कल असते. ते आपल्या वाटेनं जाईन."

म्हटलं, खरं हाय. घरात नाई तं नदीत तरी कोणाले असावी.

त्या साली ऐन श्रावणात धोंड्याचा महिना आला. या महिन्यात लोक लेकी-जावयाले जेवाले बोलावतात, अनारशाचं वाण देतात. आमच्या यायनं नुसते धोंडे दिले, तेही नदीत. पावसाची झड लागली ती उघडेच ना. एका सकाळी लोंढा आला, भिंतीले टकरला अन् वळून सरळ पल्याड गेला. आमचा काठ कोरडा ठणठणीत! हे मिशीवर हात फिरवून राह्यले होते.

अन् समोर काय? इतक्या वर्सांचा तो गाळ, त्याच्यावरची उभी जवारी, चहात गूळ विरघळावा तशी विरघळून गेली. पाणी गावात शिरलं. भागीच्या घराची मातीची भिंत माह्या डोळ्यादेखत खाली बसली. लोक देवळाच्या ओट्याकडं पळून राह्यले होते, त्यात माही भागी कोणती, काही कळे नाई. मी घसा फाटेपर्यंत ओरडली, "भागे! वं भागे!" इतकी वर्सं आवाज जात होता, त्या दिवशी गेला नाई. मी मागं फिरली अन् यायले म्हटलं, "माह्या लेकीले काही झालं ना, तं तुमचं तोंड पाह्यणार नाई." यायचा मिशीवरचा हात खाली आला.

दुपारी पाण्यानं यायच्या दगडी भिंतीच्या मागून वाट काढली. काठ कोरला, भिंत आडवी केली अन् उरलंसुरलं वावर घेऊन गेलं. यशोदा आता तिथूनच वाहून राह्यली होती.

पूर ओसरल्यावर डोंगेवाल्या नत्थूनं पाण्यात डोंगा घातला. सारं गाव काठावर जमलं. डोंग्यात जावई, माही भागी, तिच्या मांडीवर नातू, एक बकरी अन् तो आंदणातला पितळी गुंड. त्यायचं तेवढंच वाचलं होतं. जीवात जीव आला माह्या.

यायनं घसा खाकरला. अगदी मांडवात खाकरला होता, तसाच. "भागीरथा, झालं गेलं जाऊ दे. आजपासून नदीकाठचं वावर तुझं. सारं गाव साक्षी हाय." अन् हात लांब करून वावर दाखवलं. हाताच्या समोर गढूळ पाणी वाहत होतं. कोणी हासलं नाई.

भागी डोंग्यातून उतरली. पायाखाली चिखल, अंगावरचं लुगडं ओलं. बापाकडं पाहून हळूच म्हणाली, "बाबा, ते तं मले यशोदेनं कवाच देऊन टाकलं होतं. तुमी तेच वापस घेतलं."

यायची मान खाली गेली, ती वर आलीच नाई. मी पुढं झाली, नातवाले कडेवर घेतलं, पदरानं त्याचं तोंड पुसलं अन् नीट पाह्यलं. नाक आजोबावरच गेलं होतं. म्हटलं, देवा, नाकावरच थांब रे बाप्पा.