सभागृहातली खाजणवाडी

"ज्याला हात लावून आली नाहीस, त्याबद्दल सभागृहात तोंड उघडू नकोस," असं वन्संनी सांगून ठेवलं होतं. वन्सं म्हणजे कालिंदीताई मयेकरांच्या नवऱ्याची थोरली बहीण, खाजणवाडीची जुनी सरपंच. त्या जाऊन बरेच दिवस झाले, पण बोलायला उभं राहिलं की त्यांचा घोगरा आवाज कालिंदीताईंच्या कानाशी यायचाच. पहाटे तुळशीला पाणी, तिन्हीसांजेला देवापाशी दिवा, तसाच हाही त्यांनी नेम म्हणून धरला होता. आमदार झाल्या म्हणून नेम थोडाच सुटतो?

म्हणून पावसाळी अधिवेशनाला येण्याआधी त्या खाजणवाडीच्या समुद्रात गुडघाभर उभ्या राहिल्या, पाण्याला हात लावला, आणि मग येऊन त्याबद्दल बोलल्या. आणि समुद्र सभागृहात आला.

तो मंत्र्यांच्या बाकांमागच्या दारातून आला, अगदी सावकाश, कुणाला त्रास न देता. आधी गालिचा ओला झाला, मग पाणी घोट्यापर्यंत चढलं. सुकटीचा वास सुटला. पुढच्या रांगेतल्या सदस्यांनी चपला काढून मांडीवर घेतल्या. कालिंदीताई सांगत होत्या, किनारा कसा दरवर्षी आत येतोय, सुरूची झाडं कशी मुळासकट गेली, कोणाच्या अंगणात पाणी आहे आणि कोणाच्या चुलीत. त्यांचं बोलणं संपलं तेव्हा पाण्यात लाटाही आल्या होत्या.

"सन्माननीय सदस्यांनी फारच महत्त्वाचा मुद्दा मांडला आहे," मंत्री म्हणाले. "माहिती घेऊन सभागृहाला सांगतो." आणि त्यांनी धोतराचा सोगा वर धरला.

कालिंदीताई गोंधळल्या. आपण चांगलं बोललो की वाईट, हेच त्यांना कळेना. शेजारच्या बाकावर सदाशिवराव धोंगडे बसायचे, केस पिकलेले, थट्टेखोर. ते कानाशी येऊन म्हणाले, "ताई, तुम्ही फार नेमकं बोलता हो. मी निवडून आल्यापासून 'हवामानबदल, हवामानबदल' म्हणतोय. आजवर एक ढग आला नाही."

"पण हा इथे राहणार का आता?"

"ते सचिवांना विचारा. मी फक्त बाकं वाजवतो."

सचिवांचं नाव हुपरीकर. सरळ भांगाचे, हळू बोलणारे गृहस्थ. पाण्यात उभे राहूनही त्यांच्या पँटची इस्त्री मोडलेली नव्हती.

"मांडलेला विषय सभागृहाच्या ताब्यात येतो, ताई. उत्तर मिळालं की आपल्या जागी परत जातो."

"आणि उत्तर मिळालंच नाही तर?"

"मग अधिवेशन संपलं की विषय व्यपगत होतो."

"म्हणजे जातो कुठे?"

हुपरीकरांनी खरोखर विचार केला. "ते आमच्या शाखेकडे येत नाही," ते म्हणाले.

संध्याकाळी गावाहून बाबल तांडेलाचा फोन आला. हा होड्यावाला, बोलणं नेहमी भांडल्यासारखं. "ताई, समुद्र गेलो! पार खडकापलीकडे नुसतो चिखल. लोक नाचतत हयसर. पण होडये चिखलात बसले गो. आता आमी खावचा काय?"

"उत्तर आलं की परत येईल," कालिंदीताई म्हणाल्या. स्वतःच्याच तोंडून ते वाक्य ऐकून त्यांना कसंसंच झालं.

पुढे घरकुलाची चर्चा होती. कालिंदीताईंनी बोलू नये असं ठरवलं होतं. पण अध्यक्षांनी नाव पुकारलं, आणि खाजणवाडीच्या पडक्या भिंतींवरून फिरवलेला हात त्यांना आठवला. चिरे कसे ओले होते, बोट टेकलं तर भुगा कसा पडत होता. त्या बोलल्या. त्या एकेक घर सांगत गेल्या आणि एकेक घर येत गेलं. बाकांच्या मधल्या वाटेत, खांबांच्या आडोशाला, प्रेक्षकांच्या सज्जाखाली घरं येऊन बसली. कौलं थोडी हलली, मग स्थिर झाली. एका घरातून फोडणीचा वास येत होता, पण आत माणूस नव्हतं. धोंगड्यांना आपल्या जागेवर जायला कुणाच्या तरी पडवीतून जावं लागलं. त्यांनी जाताना खोकून वर्दी दिली.

"चांगलं बोललात," ते बसता बसता म्हणाले. "फक्त तुमच्या त्या मांजरानं माझ्या खुर्चीत पिल्लं घातलीत."

घरं इकडे आली तशी माणसं तिकडे उघड्यावर आली. मग जिल्ह्याच्या गावाबाहेर पुनर्वसनाची इमारत बांधून तयार होती, तिच्यात सगळ्यांना एका दिवसात नेऊन घातलं. चार मजले, लिफ्टची जागा सोडलेली, लिफ्ट नाही. प्रयाग तांडेलला चौथा मजला मिळाला.

प्रयाग ही बाबलची बहीण. कंबरेखाली पायांत जीव नव्हता, लहानपणीच्या तापानंतर. चाकाच्या खुर्चीत बसून जाळी विणायची, आणि तिच्या जाळ्यातून मासा आणि तिच्या तोंडातून माणूस सुटत नाही असं गाव म्हणायचं. कालिंदीताई नवी नवरी म्हणून खाजणवाडीत आल्या तेव्हा त्यांना खाडीतली तिसऱ्या शिंपल्या वेचायची जागा प्रयागनेच दाखवली होती, अंगणात बसून, नुसत्या बोटाने.

तिचा फोन आला. "गो आमदारणी, चौघांनी माका खुर्चेसकट वर चढवल्यानी. चौघव आता कामाक गेले. आता माका खाली कोण उतरवतलो? माजो देव खाली, माजी शेजारीण खाली. हयसर नुसतो वारो."

"मी तुला खाली उतरवते," कालिंदीताई म्हणाल्या. "देवाशपथ."

"मगे थंय माझा नाव घेवन बोल. तुझ्या बोलण्यान समुद्र हलता म्हणतत."

"नाव घेणार नाही, प्रयाग. तुझं तर नाहीच."

"कित्याक? माका लाज आसा काय?"

नाव घेतलं तर काय होईल ते फोनवर सांगणं कालिंदीताईंना जमलं नाही.

अपंग कल्याणाच्या चर्चेत त्या पहिल्यांदाच वन्संचा नेम बाजूला ठेवून बोलल्या. हाताने चाचपलेलं काहीही सांगितलं नाही. सर्वसमावेशक धोरण, सुगम्य वातावरण, शासनाची बांधिलकी, असं सगळं बोलल्या. काहीच आलं नाही. एक कुबडीसुद्धा आली नाही. मंत्र्यांनी लगेच उठून उत्तर दिलं, तेही असंच. बाकं वाजली. आपण काय बोललो ते खाली बसेपर्यंत त्यांना आठवेना.

"आता शिकलात," धोंगडे म्हणाले. पण ते थट्टेने म्हणाले नाहीत, म्हणून त्यांना जास्त लागलं.

शेवटच्या दिवशी कामकाज लांबलं. सभागृहाला खिडक्या नव्हत्या. बाहेर ऊन आहे की अंधार, कळायला मार्ग नव्हता. पाणी पोटऱ्यांपर्यंत आलं होतं. कालिंदीताईंना औचित्याच्या मुद्द्यावर दोन शब्द बोलायला उभं केलं होतं, समोरचा ध्वनिक्षेपक चालू होता. त्या तोंड उघडणार तेवढ्यात कुठल्याशा घरातल्या चुलीचा धूर कौलांतून वर निघाला, आणि अंगाला सवय असते तशी त्यांना तिन्हीसांज कळली. हात आपसूक जोडले गेले. डोळे मिटले. रोज दिवा लावताना, ज्याला देवळाच्या पायऱ्या चढता येत नाहीत त्या माणसाचं नाव त्या देवाला सांगायच्या, म्हणजे त्याचंही दर्शन झालं असं धरायच्या. तसंच त्यांनी हळूच म्हटलं, "प्रयागचा नमस्कार, देवा."

डोळे उघडले तेव्हा प्रयाग खाली होती. अध्यक्षांच्या आसनासमोरच्या मोकळ्या जागेत, तिच्या खुर्चीत, मांडीवर अर्धं विणलेलं जाळं. पाणी चाकांच्या मध्यावर आलेलं.

तिने चहूकडे पाहिलं. "अगो बाये," ती म्हणाली. "हयसर तर आपलो सगळो गाव आसा."

"नाव कामकाजात आलेलं आहे," अध्यक्ष म्हणाले. "उत्तर येईपर्यंत ही बाब सभागृहासमोर राहील. मंत्री महोदय."

मंत्री उत्तराला उभे राहिले. "अध्यक्ष महोदय, शासन याबाबत संवेदनशील आहे," असं ते म्हणाले, आणि कालिंदीताईंच्या बाकापासून खाली जाणाऱ्या पायऱ्यांत एक पायरी वाढली. "या संदर्भात सर्वंकष विचार करण्यात येईल," ते म्हणाले, आणि आणखी एक वाढली. बाकं मागे मागे, वर वर जाऊ लागली. प्रयाग लहान दिसू लागली. पायऱ्यांच्या कडेला कुठे उतार नव्हता.

कालिंदीताई हुपरीकरांकडे वळल्या. "हे उत्तर आहे ना? मग ती परत का जात नाही?"

"अजून उत्तर पूर्ण झालेलं नाही, ताई."

"कधी होईल?"

"त्याआधी अध्यक्ष अधिवेशन संपल्याचं जाहीर करतील, असं दिसतंय." त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. घड्याळात पाणी शिरलं होतं. "आपण विषय मागे घेऊ शकता. तशी तरतूद आहे. मागे घेतला की सगळं जिथल्या तिथे. समुद्र किनाऱ्याला, घरं त्यांच्या जागी."

"आणि प्रयाग?"

"नोंदीप्रमाणे चौथा मजला. एकदा मागे घेतलेला विषय पुन्हा मांडता येत नाही, एवढं लक्षात असू द्या."

"आणि मागे नाही घेतला तर ती..."

"व्यपगत," हुपरीकर हळूच म्हणाले. तो शब्द उच्चारताना त्यांनाही बरं वाटत नसावं.

वरच्या दारांतून सदस्य निघायला लागले होते. नमस्कार, पुन्हा भेटू, पुढच्या अधिवेशनात. धोंगड्यांनी मांजराची पिल्लं उपरण्यात घेतली होती. ते कालिंदीताईंपाशी घुटमळले. "घ्या मागे," ते म्हणाले. "चौथा मजला तर चौथा मजला. माणूस राहील तरी."

कालिंदीताईंनी कठड्यावरून वाकून हाक मारली, "प्रयाग! मी मागे घेऊ का गं?"

खालून आवाज यायला वेळ लागला. "मागे घेव नको! परत माका त्या वाऱ्यात टाकशीत!"

"मग काय करू?"

"माका काय इचारतंस? तू म्हटलंस, खाली उतरवतंय म्हणान. उतरलंय मगे." पाण्यावरून तिचं हसू वर आलं, थोडं थरथरतं. "आता वर कोण नेतलो, ता सांग."

"मी नेते."

"तू? तुझे गुडघे बघ आधी."

"पाठुंगळी घेते. तिथेच थांब."

"खंय जातलंय मी!"

"मंत्री महोदय, किती वेळ घेणार?" अध्यक्षांनी विचारलं.

"थोडक्यात सांगतो," मंत्री म्हणाले, आणि पायऱ्यांची एक अख्खी रांगच्या रांग खाली पडत गेली.

कालिंदीताईंनी चपला काढून बाकाखाली ठेवल्या. पदर कमरेला खोचला. निऱ्या वर घेतल्या.

"ताई, सदस्यांना त्या जागेत उतरता येत नाही," हुपरीकर म्हणाले. पण त्यांनी हात आडवा केला नाही.

कालिंदीताईंनी रिवाजाप्रमाणे अध्यक्षांच्या आसनाला मान लवून नमस्कार केला आणि पहिली पायरी उतरल्या. मग पुढची. पाणी थंड होतं. खाली प्रयाग जाळं खुर्चीच्या हाताला बांधत होती, दोन्ही हात मोकळे राहावेत म्हणून. मंत्री बोलत होते. एका पायरीपाशी कालिंदीताई थबकल्या. मंत्र्यांच्या ज्या वाक्याने ती पायरी घडत होती, ते अजून पुरं झालेलं नव्हतं. तिला फक्त कड आली होती, आणि तिचं सिमेंट अजून ओलं होतं.

त्यांनी तिच्यावर पाय टेकला.